मास्तरांचा घास

मेंदूच्या आजारांच्या वॉर्डात सिस्टरांची एकोणीस वर्षं गेली होती. माणूस चालणं विसरतो, नावं विसरतो आणि एक दिवस घास गिळायलाही विसरतो, हे त्यांना नवीन नव्हतं. सात नंबरच्या खाटेवरचे मास्तर त्यातलेच. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, आता चादरीची कड चिमटीत धरून बसायचे. ताट पुढे ठेवलं तरी ते कशासाठी असतं, हे त्यांना उमगायचं नाही.

सिस्टरांनी त्यावर एक तोडगा काढला होता. मास्तरांसमोर स्टूल ओढून बसायचं, आपणच मोठा 'आ' करायचा, रिकामंच तोंड हलवायचं, गिळायचं. मास्तर बघून बघून तसंच करायचे. वाटीभर मऊ भात अर्ध्या तासात संपायचा. वॉर्डातली मावशी म्हणायची, "सिस्टर, जेवतात मास्तर आणि ढेकर देता तुम्ही!"

मग साथ आली. नातेवाइकांना दार बंद झालं. सिस्टरांच्या तोंडावर दोन मास्क आणि वर प्लास्टिकचा पडदा आला. मास्तरांनी जेवण सोडलं. घास ओठाला लावला की बघत राहायचे, तोंड म्हणून उघडायचे नाहीत. पलीकडे चार खाटांना ताप, माणसं अपुरी. चौथ्या दिवशी सिस्टरांनी चार्टवर लिहिलं, 'रुग्ण अन्न नाकारतो', आणि सही केली. त्यांच्या सहीवर डॉक्टरांचा डोळे झाकून विश्वास. संध्याकाळी मास्तरांच्या नाकातून नळी गेली. ती ते ओढू लागले, म्हणून हाताला जाड मोजे बांधले. शिंप्याची बोटं मोज्यात गेली.

मास्तरांची बायको रोज दुपारी वॉर्डाच्या फोनवर यायची. नळीच्या पाचव्या दिवशीही आली.

"सिस्टर, पोटात गेलं का काही?"

"गेलं हो वहिनी." खोटं नव्हतं. नळीतून गेलंच होतं.

"घरीही असंच होतं बघा. माझं तोंड हललं की यांचं हलायचं. तुम्ही दाखवता ना तसं तोंड हलवून?"

"दाखवते की," सिस्टर म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांचा हात तोंडावरच्या पडद्याला लागला. त्या खरोखरच दाखवत होत्या. नळी लागण्याआधीचे चारही दिवस, दर घासाला. आ करत होत्या, चावत होत्या, गिळत होत्या. सवयीनं, मास्कच्या आत. मास्तरांना दिसत होते फक्त दोन डोळे.

फोन ठेवून त्या औषधांच्या खोलीत गेल्या, हात जोडून उभ्या राहिल्या. देवाला सांगायला काही उरलं नव्हतं. त्याला सगळं दिसलंच होतं. सांगायचं होतं ते माणसांना.

डॉक्टरांना त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. डॉक्टरांनी चार्ट मिटला. "मास्क तर काढता येणार नाही, सिस्टर."

"खोलीत नाही काढणार. गॅलरीच्या काचेपलीकडे उभी राहते. खिडकी बंद, बाहेर दुसरं कुणी नाही. मावशी आत भरवेल."

"घास गिळतात का ते आधी मी चमचाभर देऊन बघतो. मग करा."

दुसऱ्या दिवशी सिस्टर गॅलरीत उभ्या राहिल्या आणि त्यांनी मास्क उतरवला. काचेवर टकटक केलं. मास्तरांनी मान वळवली. सिस्टरांनी आ केला. मास्तर कितीतरी वेळ नुसते बघत होते. मावशी आतून ओरडली, "अहो, जरा मोठा आ करा, दात दाखवायला लाजता काय!" सिस्टरांनी जबडा दुखेपर्यंत तोंड उघडलं. मास्तरांचे ओठ विलग झाले. पहिला घास बराचसा हनुवटीवर आला. दुसरा आत राहिला. पाच चमचे गेले, मग ते थकले. नळी अजून काही दिवस ठेवावी लागणार होती.

दुपारी फोन वाजला. पाच चमचे ऐकून वहिनी रडायलाच लागल्या. "देवमाणूस आहात हो तुम्ही!"

"वहिनी, तसं म्हणू नका. त्यांना नळी लागली ती माझ्यामुळे." आणि सिस्टरांनी मास्कचं, सहीचं, मोज्यांचं, काहीही न गाळता सांगितलं.



"सहा दिवस हात बांधलेत त्यांचे?" वहिनींनी विचारलं.

"हो."

फोन बंद झाला.

त्यानंतरचा दिवस सिस्टरांना खायला उठला. मास्तरांनी आठ चमचे खाल्ले, तरी सिस्टरांचा जीव थाऱ्यावर नव्हता. दुपारी फोन वाजला. मावशी उचलायला निघाली, तिला थांबवून त्यांनी स्वतः उचलला.

"किती चमचे?" वहिनींनी विचारलं. एवढंच.

"आठ."

"बरं," वहिनी म्हणाल्या, आणि फोन ठेवला.