फोटो आहे माझ्याकडे

कुमुदमावशी कल्हईला भांडी द्यायची ती आधी त्यांचे फोटो काढून. आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, रामघाटावरच्या मराठी वस्तीतल्या बाकीच्या बायका भांड्यांवर नाव घालून निर्धास्त होत. हिला तेवढ्यानं भागत नसे. "मेले घासून काढतात नाव, त्यांचा काय भरोसा? फोटो आहे माझ्याकडे." दूधवाल्याचं माप, विजेचा मीटर, दारात काढलेल्या माझ्या चपला, सगळ्यांचे फोटो. मी तिची सख्खी भाची, पण चपलांचा कशासाठी, हे विचारायची माझी छाती नव्हती.

शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर तिला छावणीतल्या जुन्या चर्चच्या रंगीत काचांचं वेड लागलं. रविवारची प्रार्थना आटोपली की ही कॅमेरा घेऊन हजर. रामघाटावर कुजबुज झाली, तिनं लक्ष दिलं नाही. वेड काचांचं, पण नजर जोसेफभाईंवर. ते चर्चची राखण करायचे, आवारातल्याच खोलीत बायकोसह राहायचे, मावशीसाठी शिडी धरायचे. "जरा जास्तीच गोड बोलतो," मावशी म्हणायची. "एखाद दिवशी काच विकून मोकळा होईल."

मग तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर मी तिला चर्चमध्ये घेऊन गेले. मधल्या खिडकीतल्या मेंढपाळाचा झगा पाहून ती ओरडलीच, "काँच बदल दिया है! इतना नीला नहीं था! इसी ने बेचा है!"

पाद्री धावत आले. त्यांनी जोसेफभाईंकडे संशयानं पाहिलं. नोकरी गेली तर खोलीही जाणार होती.

जोसेफभाई एवढंच म्हणाले, "फोटो तो है न आपके पास, दीदी?"

पिशवीत जुने फोटो होतेच. मावशीनं एक खिडकीसमोर धरला. निळा तोच, अगदी तस्साच. तिनं हातानं उजवा डोळा झाकला, झगा मळकट. डावा झाकला, निळाशार. मग ती पाद्रींकडे वळली. "काँच वही है, फादर. हमारी आँख खराब थी." जोसेफभाईंची तिनं सगळ्यांदेखत हात जोडून माफी मागितली.

पुढच्या रविवारी त्यांनी नेहमीसारखी शिडी आणली, पण खिडकीपासून दूरच थांबले. "पहले फोटो ले लीजिए, दीदी. फिर हम हाथ लगाएँगे."

आवाजात राग अजिबात नव्हता. मावशीनं कॅमेरा पिशवीत ठेवला, तो कायमचा. परतताना रिक्षात म्हणाली, "भांडला असता तर बरं झालं असतं गं."