वीतभर पट्टी

औषधांच्या दुकानात तिला सगळे शिडी म्हणत. अगदी तोंडावर. वरच्या फळीवरचा खोका हवा असला की मालक स्टूल शोधायच्या भानगडीत पडत नसत, नुसते "शिडी, बघ गं जरा" म्हणत, आणि ही काउंटरमागून हात वर करी. याचा राग मानायचा नाही हे तिनं लहानपणीच ठरवून टाकलं होतं. मानत बसली असती तर आयुष्य पुरलं नसतं.

उंचीपेक्षा तिला छळलं ते कपड्यांनी. शाळेत असताना नवा फ्रॉक सहा महिन्यांत गुडघ्याच्या वर जायचा. घरात ओढाताण, दुसरा आणणार कुठून? मग आई सुई घेऊन बसायची आणि खाली दुसऱ्या कापडाची पट्टी जोडायची. निळ्याला केशरी, हिरव्याला गुलाबी. पुढच्या वर्षी तिच्याखाली आणखी एक. वर्गातल्या पोरी "यंदा तिसरा मजला चढला" म्हणून खिदळायच्या. घरी आल्यावर आई दाराशीच विचारायची, आवडली का गं पट्टी? आणि ही हसायची. रडायचं असलं की न्हाणीघर होतंच.

पुढे स्वतःचा पगार आला, तरी तयार कपडे काही तिला बेतून शिवलेले नसत. बाही मनगटाच्या अलीकडेच दम टाकायची आणि कंबर बरगड्यांत यायची. शिंपी माप घ्यायचे, लिहायचे आणि कापायचे मात्र आपल्याच अंदाजानं. एवढी लांबी त्यांच्या कात्रीला पटत नसावी. घरातल्या प्रत्येक फोटोत ती मागच्या रांगेत. उंच म्हणून नव्हे हो, मागं उभं राहिलं की पायांकडचं दिसत नाही म्हणून.

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं मनाशी पक्कं केलं. या लग्नात एकाच कापडाचा, टाचेपर्यंत येणारा, कुठंही जोड नसलेला झगा घालायचा, तोही स्वतः शिवून. आणि फोटोत पुढं उभं राहायचं.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत शिवणाचा क्लास चालायचा. तिथं विशीतल्या मुलींमध्ये ही केस पिकू लागलेली. मशीनखाली तिचे गुडघेच मावेनात. शिवणबाई फटकळ, पण कामाच्या. त्यांनी टेबलाच्या चारी पायांखाली विटा लावून दिल्या. मग सुया मोडल्या, दोरे गुंतले, एक बाही उलटी लागली, सगळं यथासांग झालं. शिवणबाईंनी एकदा विचारलं, तुम्हाला काय आवडतं? ती गोंधळलीच. आजवर तिला काय पुरतं एवढंच बघितलं गेलं होतं. विचार करकरून तिनं सांगितलं: झालरी नकोत, गडद रंग, सरळ पडणारं कापड आणि हात कोपरापर्यंत जातील असे खिसे.

तिनं गडद जांभळं कापड आणलं. कापायच्या आधी भिजवून वाळवा, आटतं ते, असं शिवणबाईंनी बजावलं होतं. पण एवढं भारी कापड कशाला आटतंय, असं म्हणून हिनं ते तसंच बेतलं. झगा काय झकास झाला! टाचेला अलगद टेकत होता. आरशासमोर गिरक्या घेताना कुणी बघितलं नाही तेवढं बरं.

मग खडूच्या रेघा जाव्यात म्हणून तिनं तो धुतला. दोरीवरून काढून अंगात घातला, तर टाचेच्या वर चार बोटं! लग्न चार दिवसांवर, आणि कापडाच्या दुकानात तसलं कापड संपलेलं. तिनं तो उतरवून आईच्या पलंगावर टाकला.

आई पडल्या पडल्या बघत होती. बोटं आखडल्यापासून तिची सुई सुटली होती, पण नजर सुटली नव्हती. "एवढंच ना," ती म्हणाली, "खाली पट्टी लाव."

झालं. इतकी वर्षं गिळलेलं सगळं वर आलं.

"मला त्या पट्ट्या कधीच आवडल्या नाहीत, आई. एकसुद्धा."

आई उठून बसली. "मग हसायचीस कशाला?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

तेव्हा आईनं खरं काय ते सांगितलं. मिळताजुळता रंग तिला सहज मिळायचा, पण ती मुद्दाम भडक शोधत दुकानं पालथी घालायची. पोर हसते म्हणजे हिला उठावदार आवडतं, अशी तिची समजूत! काय म्हणावं या मायलेकींना? दोघी एकमेकींना जपत राहिल्या आणि तमाशा बघितला वर्गातल्या पोरींनी. दोघींच्याही डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते लपवायला या वेळी कुणी न्हाणीघरात गेलं नाही.

मग आईनं झगा मांडीवर ओढला आणि कडेवरून हात फिरवला. "चार बोटं कमी म्हणून चार बोटंच लावू नकोस. मी तेच करायचे, तिथंच चुकलं माझं. लोकांना लगेच कळतं, कमी पडलंय. खालून आणखी काप आणि चांगली वीतभर लाव. मग ती हौस दिसते. आणि रंग तू बघ, माझं ऐकू नकोस."

शिवून झालेल्या झग्यावर तिनं कात्री चालवली. पट्टीला तिनं राखाडी रंग निवडला. तोच खिशांच्या कडेला लावला. हा कसला मेला सुतकी रंग, असं आई पुटपुटली, पण दुसरा आण म्हणाली नाही.

लग्नाच्या सकाळी ती झगा घालून आईसमोर उभी राहिली. राखाडी पट्टी टाचेवर भारदस्त पडली होती. आईनं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि जुना प्रश्न विचारला, आवडली का गं पट्टी?

ती हसली.

"हसू नकोस," आई म्हणाली. "तोंडानं सांग."

"आवडली, आई."

लग्नाच्या फोटोत ती पहिल्या रांगेत मधोमध उभी आहे. तिच्या मागे कोण आहे ते अजून कुणालाही सांगता आलेलं नाही.