सात नंबरचं खापर

मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा त्यांनी दिलेलं खापर माझ्या पर्समध्येच होतं. आठ दिवस झालेले. मी मानपाड्याला रिक्षाच्या रांगेत उभी, आणि पलीकडून त्यांचा भाऊ सांगत होता, "कुंदाताई, ताई पहाटे गेली." खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी मनात आलं, आता मी त्यांना काय सांगू? गेलेल्या माणसाला काही सांगायचं नसतं, एवढंही त्या क्षणी सुचलं नाही. मागून लोक ओरडत होते, "ओ ताई, पुढे सरका ना!"

करमरकर मॅडमच्या हुशारीबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला त्यांच्याबद्दल लिहायचं तर माझ्या भीतीबद्दल लिहावं लागेल, दुसरा इलाज नाही. वागळे इस्टेटमधल्या आमच्या प्रयोगशाळेत दूध-तेलातली भेसळ तपासतात. मी तिथे मदतनीस. मॅडम नौपाड्याच्या, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. मालकांची परवानगी काढून दर शनिवारी आमच्या मशीनवर खापरं तपासायला यायच्या. नदीकाठच्या एका उत्खननातल्या मडक्यांचे तुकडे, साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे. मी हसलेच. "मॅडम, एवढ्या जुन्या मडक्यात काय राहिलं असणार?" तर म्हणाल्या, "अगं, माती चरबी पिऊन बसते. तुझ्या घरचं दह्याचं मडकं कितीही घास, वास जातो का?" नाही जात. तुकडा कुटायचा, त्यातली चरबी द्रावणात उतरवायची, मग ती मांसाची की दुधाची हे तपासाअंती कळतं. तिथली माणसं नुकती कुठे शेती करायला, गुरं पाळायला लागलेली. गुरं फक्त खाण्यासाठी होती, की दुधासाठीही, एवढंच मॅडमना हवं होतं. "कुणीतरी पहिल्यांदा वासराला बाजूला धरून धार काढली असेल ना गं!" हे बोलताना त्यांचा चेहरा असा फुलायचा की बघत राहावं. बाकी शिस्तीला कडक. एकदा मी केसांना तेल लावून गेलेले तर दारातूनच, "कुंदा, बाहेर! माझ्या खापरांना तुझं खोबरेल नको."

आणि अशा बाईच्या खापरावर मी तूप सांडलं.

खंडेनवमी होती. त्या दिवशी अख्ख्या इस्टेटीत मशिनींना हार घालतात. आमच्याकडची पूजा माझ्याकडे. मशीनला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. शेजारी ट्रेमध्ये मॅडमची खापरं होती. मनात आलं, हीसुद्धा त्यांची हत्यारंच की, ही का उपाशी ठेवा? ओवाळताना निरांजन कललं आणि घरी कढवलेलं कोमट तूप सात नंबरच्या खापरावर गेलं. पटकन पुसलं. कोरडं दिसलं, ठेवून दिलं. सांगणारच होते, देवाशपथ. पण पुढच्या शनिवारी मी पोचायच्या आत मॅडमनी तेच खापर तपासायला घेतलेलं. वरचा थर त्या खरवडायच्या, पण तूप आत मुरलं असणार हे मला कळत होतं... काही दिवसांनी त्यांनी मला मिठीच मारली. "कुंदा, दूध!" बाकी एकाही खापरात काही नाही, फक्त सातमध्ये. त्यांनी पेढे वाटले. माझा पेढा मी रुमालात गुंडाळून ठेवला.

पुढची पाच वर्षं मी अशीच काढली. मॅडमचा लेख छापून आला, ठाण्यात व्याख्यानं झाली, मला हट्टाने पहिल्या रांगेत बसवायच्या. प्रश्न विचारायला कुणी हात वर केला की मी दाराकडे बघायचे. झालं, आता बिंग फुटणार! घरी तूप कढवायचंसुद्धा मी बंद केलं. वेडेपणा नुसता.

मॅडमनी अंथरूण धरलं तेव्हा मात्र राहवेना. नौपाड्याला गेले, दुपारची वेळ, त्यांच्या पायाशी बसून सगळं ओकले. त्या भडकल्या. "पाच वर्षं? पाच वर्षं तोंड शिवून बसलीस?" मग पंख्याकडे बघत म्हणाल्या, "मलाही खटकलं होतं गं. एवढं जुनं दूध इतकं ताजं कसं? पण मला ते हवं होतं ना... म्हणून नाही खोलात गेले." मग कपाटातून सात नंबर लिहिलेली फॉइलची पुडी काढायला लावली. खापर आणल्या दिवशीच त्याचे दोन तुकडे करून एक घरी ठेवायचा, ही त्यांची पद्धत. "याला तुझं तूप लागलेलं नाही. हे तपास. दूध नसलं तर माझं चुकलं असं मी लिहून देईन. पण लवकर कर, माझ्याकडे फार दिवस नाहीत."

आणि मी काय केलं? काही नाही. आज काम जास्त, उद्या मशीन रिकामं नाही, परवा अंग दुखतंय. त्यांचा दोनदा फोन आला, "झालं का गं?" मी म्हटलं, "उद्या करते." दूध निघालं नाही तर मरणाच्या दारातल्या बाईला ते कोणत्या तोंडाने सांगू, याच भीतीने हात पुढे होईना. नवव्या दिवशी मनाचा हिय्या करून तपासायला निघाले, तर रांगेत तो फोन.

तेराव्यानंतर मी ते खापर कुटलं. खात्रीसाठी अर्धं द्रावण दुसऱ्या प्रयोगशाळेतही पाठवलं. गेल्या आठवड्यात त्यांचं उत्तर आलं, माझ्या निकालाशी जुळणारं. खूप जुनी, झिजलेली, अगदी थोडी चरबी. पण दुधाचीच.

दूध होतं, मॅडम. तुमचं बरोबर होतं. आणि तुम्ही गेलात ते आयुष्यभराची कमाई म्हणजे कुंदाचं सांडलेलं तूप, असं समजून. दोन दिवसांचं काम होतं हो... माझ्याकडे आठ होते.

मॅडमची एक सवय होती. मशीनमधून निघालेल्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'पाहिले' असं लिहायच्या, त्याशिवाय तो कागद फाईलला लावायची मला मुभा नव्हती. सात नंबरचा हा नवा कागद टेबलावरच आहे. मालक दोनदा विचारून गेले, अजून इथेच का? मी सांगते, मॅडमनी बघायचा राहिलाय.