दोन कॉलेजं आणि एक टेंगूळ

अकोला सोडलं त्या दुपारी बाबांनी माझ्या दोन्ही बॅगा जिनिंगच्या काट्यावर चढवल्या. बाबा तिथं दिवाणजी. ज्या काट्यावर त्यांनी उभा जन्म रुईच्या गाठी मोजल्या, त्यावर आता लेकीचा संसार ठेवून ते चष्मा कपाळावर सरकवून बघत होते. विमानात एका बॅगेला बत्तीस किलो चालतात असं कळल्यावर त्यांनी वर एक छटाकही जाऊ दिला नाही. तवा बाहेर, लोणच्याची बरणी बाहेर, मग आई रुसली म्हणून तवा परत आत आणि माझी दोन पुस्तकं बाहेर. हमाल हसत उभे होते. मी रडायचं ठरवून आले होते, पण त्या गोंधळात ते राहूनच गेलं.

रडू आलं ते स्टेशनवर. गाडी हलायच्या आधी बाबा खिडकीशी आले आणि एवढंच म्हणाले, "तिथं रिकामी बसू नको वं बाई." आई म्हणाली, "पोचली का फोन करजो." दोन हजार एक साल होतं. प्रसाद, म्हणजे माझा नवरा, माझ्या आधी तीन वर्षं न्यू जर्सीत जाऊन पोचलेला. मी त्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधून निघाले होते.

तुम्ही जे मागे अकोल्यात राहिलात आणि जे माझ्यासारखेच इकडे येऊन पडलात, त्या दोघांनाही ही गोष्ट सांगायची आहे. मागे राहिलेल्यांना यासाठी, की फोनवर मी नेहमी "सगळं मजेत" एवढंच सांगत आले. आणि इकडच्यांना यासाठी, की तुमच्यातल्या निम्म्या जणांनी त्या दिवशी बाह्या वर केल्या होत्या.

तर बाबांनी सांगितलं रिकामी बसू नको, आणि व्हिसानं सांगितलं रिकामीच बस. पार्सिपनीच्या आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समधे संध्याकाळी स्ट्रोलर ढकलणाऱ्या बायकांची फौज निघायची. एम.ए., बी.ई., एक तर दातांची डॉक्टर. सगळ्यांचे नवरे कामावर आणि आम्ही झाडांभोवती फेऱ्या मारतोय. नोकरीची परवानगी देणारं ग्रीन कार्ड मिळालं की काय करायचं याचं उत्तर तेव्हा एकच होतं: सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स. जी भेटेल ती टेस्टिंग शिकणारी. मला कॉम्प्युटरसमोर बसलं की झोप येते. हे उघड बोलायची चोरी होती.

मला नर्स व्हायचं होतं. बारावीनंतर बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा वॉर्डात त्यांच्याजवळ बसून मी सिस्टर लोकांचं काम टक लावून बघितलं आणि घरी येऊन जाहीर केलं, की मी हेच शिकणार. बाबा टाके पडलेल्या पोटानं उठून बसले. "आपल्या घरच्या पोरी सिस्टर होत नाहीत," म्हणाले. विषय संपला. मी बी.कॉम. झाले. पण मुलगी झाली तेव्हा, ईशानीच्या वेळी, आईला व्हिसा मिळाला नाही आणि माझं बाळंतपण एका नर्सनं निभावून नेलं. तिनं माझी वेणी घातली होती. तिला ती नीट घालता येत नव्हती, तीन पेडांचं काहीतरी केलं, पण घातली. त्या वेणीसकट मी घरी आले तीच ठरवून आले. ॲनाटॉमी, मायक्रोबायॉलॉजी असे आधी करावे लागतात ते विषय एकेक करून केले, कार्ड हातात आलं, आणि दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात दोन कम्युनिटी कॉलेजांतून नर्सिंगला प्रवेश मिळाला. दोन! मी स्वयंपाकघरात नाचले. ईशानी तीन वर्षांची, तीही नाचली, तिला कारण लागत नव्हतं.

एक कॉलेज जवळचं. कणीक भिजवून झाकून निघावं आणि ती मुरेपर्यंत जाऊन परत यावं, इतकं जवळ. आधीचे विषय मी तिथंच केलेले. झकास नवी लॅब, श्वास घेणारे रबरी पेशंट, दिवसाचे वर्ग, भरपूर पार्किंग. दुसरं तासाभराच्या अंतरावर, जुन्या गिरण्यांच्या गावात, संध्याकाळचे आणि शनिवारचे वर्ग, इमारत अशी की आत गेल्यावर आधी भिंतीकडे संशयानं बघावं. तिथं मी आपला न जाणो म्हणून अर्ज टाकला होता.

प्रसादनं एक्सेल शीट बनवली. तो पुण्याचा, आणि वर सॉफ्टवेअरवाला, त्यामुळं त्याचं म्हणणं दोन्हीकडून बरोबर असायचं. ड्राइव्ह, वेळा, पास होणाऱ्यांचं प्रमाण, बर्फाचे दिवस, सगळ्याला गुण. जवळचं कॉलेज एवढ्या फरकानं जिंकलं, की लांबच्याची मला दया आली. मी जवळच्याला होकार कळवला. लांबच्यांना नकार कळवायचा तेवढा राहिला होता, उद्या करते, परवा करते असं चाललेलं.

मग टीबीची सुई आली. पेशंटजवळ जाण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याला ही तपासणी करावी लागते. हाताच्या कातडीखाली थेंबभर औषध टोचतात आणि दोन दिवसांनी बघतात. आमचं ग्रीन कार्ड मुंबईतून झालं, तिथं सरळ छातीचा एक्स-रे काढला होता, त्यामुळं ही सुई मला नवीन. दोन दिवसांत हातावर सुपारीएवढं लालभडक टेंगूळ उठलं. क्लिनिकमधल्या बाईनं पट्टी लावून ते मोजलं आणि कागदावर लिहिलं, पॉझिटिव्ह.

क्षय हा आमच्या घरात आवाज खाली आणून बोलायचा शब्द. त्यानं लग्नं मोडलेली आहेत, माणसं गावाबाहेर ठेवलेली आहेत. पुस्तकात मी नुकतंच सगळं शिकले होते, टेंगूळ म्हणजे आजार नव्हे हे मला परीक्षेत लिहिता आलं असतं. तरी घरी येऊन मी माझी ताटवाटी वेगळी ठेवली आणि ईशानीचा पापा घेतला नाही. ती मागे मागे येत राहिली, "मम्मा, किसी," करत, आणि मी तिला टाळत राहिले. मी घाबरले होते, साधं सरळ घाबरले होते.

जवळच्या कॉलेजात फोन केला. आरोग्य विभागातली मुलगी अतिशय गोड बोलली. माझी फाइल थांबवावी लागेल, कदाचित काही महिने गोळ्या घ्याव्या लागतील, निर्णय वरचे घेतील, आणि तोवर सीट राहील याची खात्री नाही. पुढच्या वर्षीच्या फॉल सत्राला बघू या. तिचा काही दोष नव्हता, तिनं असा हात कधी बघितलाच नव्हता. पण मला ते "बघू या" ओळखीचं वाटलं. पोटावर टाके असलेला माणूस पुन्हा उठून बसला होता.

शनिवारी सुलभाकाकूंकडे पॉटलक, प्रत्येकानं एकेक पदार्थ घेऊन जायचं जेवण. काकू सत्तरच्या दशकात इकडे आलेल्या, आम्हा सगळ्यांच्या अनुभवी सासूबाई. मी जायला तयार नव्हते, प्रसादनं ओढून नेलं. मी माझी प्लेट घेऊन कोपऱ्यात बसले, तर काकूंनी दोन मिनिटांत सगळं वदवून घेतलं. आणि मग त्या हसायला लागल्या. मला राग आला. नागपूरचा निखिल पुलाव खाता खाता म्हणाला, "एवढंच ना यार? ग्रीन कार्डच्या वेळी माझं याच्या डबल उठलं होतं. एक्स-रे काढला, क्लिअर आला, टेन्शन कॅन्सल. आपल्या सगळ्यांचंच उठतं, लहानपणच्या बीसीजीमुळं." आणि त्यानं टीशर्टची बाही वर केली. दंडावर बीसीजीचा व्रण. मग त्याच्या बायकोनं केली. मग प्रसादनं. बघता बघता त्या दिवाणखान्यात सातारा, ठाणे, नांदेड, मोठमोठ्या कंपन्यांतले मॅनेजर आणि आर्किटेक्ट, सगळे एकमेकांना दंड दाखवत उभे. कुणाचा उजवा, कुणाचा डावा, कुणाचा केवढा यावर वाद. काकूंनी पदर सारून देवीच्या लसीचे दोन मोठे वण दाखवले आणि पहिला नंबर पटकावला. पोरं बेसमेंटमधून वर आली आणि निखिलचा मुलगा म्हणाला, "इऊ डॅडी, व्हॉट इज दॅट?" त्या रात्री मी ईशानीचे इतके पापे घेतले, की तीच वैतागली.

सोमवारी मी लांबच्या कॉलेजात गेले. फोन केला नाही, गाडी काढली आणि गेले. प्रोग्रॅमच्या प्रमुख मिसेस बॅप्टिस्ट मूळच्या हैतीच्या, उंच, आवाज भरदार. मी टेंगूळ पुढं केलं आणि अडखळत निखिलचं वाक्य इंग्रजीत सांगायला लागले, तोच त्यांनी स्वतःची बाही वर केली. व्रण होता. "एक्स-रे घेऊन ये," म्हणाल्या, "सीट तुझी आहे." मी उठले, तेव्हा त्यांनी विचारलं, हे दोन-चार दिवस कसे गेले? मी ताटवाटीचं सांगितलं. पाप्याचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे विसरू नकोस. तुझ्यासमोर येणारा प्रत्येक माणूस एवढाच घाबरलेला असणार. बाकी सगळं मी शिकवेन, हे मला शिकवता येत नाही."

उन्हाळी तुकडीचा वर्ग सुरू होणारच होता, बसून बघ म्हणाल्या. विद्यार्थी दिवसभर कामं करून आलेले, डबे उघडून भात खात होते. त्यात एक बस ड्रायव्हर, दोन आज्या, एक केरळची बाई. माणूस झोपलेला असताना पलंगावरची चादर कशी बदलायची, हा त्या दिवशीचा धडा. रबरी पेशंटचा हात मोडला होता, तेव्हा पेशंट म्हणून मी झोपले. बस ड्रायव्हरनं आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग मला कुशीवर वळवू का म्हणून विचारलं, मी हो म्हणेपर्यंत थांबला, आणि खांद्याला न दुखवता असं वळवलं, की मला माझी वेणी आठवली. चादर मात्र त्यानं उलटी घातली. सगळे हसले, तोही हसला. मी तिथं पडल्या पडल्या ठरवून टाकलं.

गंमत म्हणजे एक्स-रे स्वच्छ आला आणि दोनच दिवसांत जवळच्या कॉलेजचाही फोन आला, डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, सीट आहे. प्रसाद खूश. "चला, प्रश्नच मिटला." मी म्हटलं, मी लांबच्या कॉलेजात जाणार. त्यानं लॅपटॉप उघडला, शीटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"गुरुवारी संध्याकाळी माझा इंडियातल्या टीमशी ऑफशोअर कॉल असतो," तो म्हणाला.

"ईशानीला मांडीवर घेऊन घे."

"आणि पोळ्या?"

"विकतच्या."

पुण्याच्या माणसाला हे शेवटचं जड गेलं. पण त्यानं लॅपटॉप मिटला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीला बर्फातले टायर बसवून आणले, ऑगस्टमधे. मला त्याचं तेव्हा इतकं प्रेम वाटलं, की मी ते बोलूनही दाखवलं.

बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "ठरवलं ना? मंग पुरं करजो." यात आशीर्वाद किती आणि नाइलाज किती ते मला कळलं नाही. मी पुरं केलं. कसं केलं ते इकडच्या बायकांना सांगायला नको आणि मागच्यांना सांगून खरं वाटणार नाही. शिकले त्याच गावातल्या हॉस्पिटलमधे नोकरीला लागले, अजून तासभर ड्राइव्ह करते, आणि गाडीत एकटी मोठ्यानं गाते.

यंदा, दोन हजार आठच्या उन्हाळ्यात, आईबाबांना एकदाचा व्हिसा मिळाला. मॉल बघून झाले, न्यूयॉर्क बघून झालं. एक दिवस बाबा चहा पिताना म्हणाले, तुझं काम कुठं चालते ते दाखव. माझ्या सुट्टीच्या दिवशी घेऊन गेले. एसीची थंडी म्हणून बाबांनी भर जुलैत स्वेटर घातलेला. लॉबीत त्यांना बसवून मी पार्किंगचं तिकीट करायला गेले. परत आले तर सिक्युरिटीवाला त्यांच्याशी बोलत होता, कुणाला भेटायला आलात म्हणून विचारत होता. बाबांनी मला बघितलं नव्हतं. ते उभे राहिले, स्वेटर खाली ओढला आणि सावकाश म्हणाले, "माय डॉटर इज नर्स हिअर." मग बहुधा त्याला नीट कळलं नसेल असं वाटून पुन्हा एकदा म्हणाले. त्यानंतर कॅफेटेरियातली बाई येऊन आईला मिठी मारून गेली, आणि घरी सोडलेला माझा एक म्हातारा पेशंट व्हीलचेअर थांबवून बाबांचा हात बराच वेळ धरून बसला. कुणालाच कुणाचं बोलणं समजत नव्हतं.

परतताना बाबा गाडीत माझ्या शेजारी बसले होते. जुन्या गिरण्या, धोब्याची दुकानं, बसस्टॉपवरची माणसं मागे जात होती. हायवेला लागल्यावर समोर बघतच म्हणाले, "तुह्या गावची मानसं चांगली हायेत वं."

माझं गाव कोणतं असं कुणी विचारलं, तर आजवर मी न थांबता अकोला सांगत आले होते. आणि राहते मी पार्सिपनीत, या गिरण्यांच्या गावात माझं घरही नाही. पण बाबांची चूक मी काही दुरुस्त केली नाही.