मोशीच्या डोहावरचा काळा करकोचा

पुण्याहून सुटलेली एस.टी. भोसरी मागे टाकून पुढे निघाली, तेव्हा ऊन नुकतेच ज्वारीच्या कणसांवर आले होते. माझ्या यजमानांनी दुर्बीण कोटाच्या आत छातीशी धरली होती. जुन्या बाजारात लष्कराच्या भंगारातून घेतलेली ती दुर्बीण. एका डोळ्याची काच थोडी धुरकट.

पक्षी पाहण्याचा नाद आम्हा दोघांना बरोबरच लागला. नातेवाईक त्याला खूळ म्हणतात. काळा करकोचा हा उत्तरेकडून हिवाळ्यात येणारा पाहुणा. आपल्याकडे तो क्वचितच उतरतो, आणि इतक्या वर्षांत आम्हाला एकदाही दिसला नव्हता. ह्यांच्या कचेरीतला एकजण मोशीला इंद्रायणीवर मासे धरायला गेला होता. लाल पायांचा मोठा काळा पक्षी डोहाकाठी पाहिल्याचे त्याने सांगितले, आणि त्या रविवारी आम्ही निघालो.

मोशीला उतरून आम्ही नदीची पायवाट धरली. दोन्ही बाजूंना कांद्याचे वाफे होते. विहिरीवर मोट चालू होती. एक बाई दारे धरीत (वाफ्यांत पाणी वळवीत) होती. आम्हाला पाहून तिने फावडे थांबवले.

"कुठं निघालाय?"

"नदीवर," मी म्हणाले. "पक्षी बघायला."

"अन् त्यांच्या गळ्यात काय हाय?"

"दुर्बीण."

तिने मोटेकडे वळून हाक दिली, "अवं, या हिकडं. मोजणीवालं आल्यात."

मोट थांबली. तिचा नवरा सखाराम बैल सोडून आला. शेजारच्या रानातून (शेताला इकडे रानच म्हणतात) आणखी दोघे आले. सखाराम वाटेत उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, पुढं जायाचं न्हाई."

"अहो, आम्ही मोजणीवाले नाही," हे म्हणाले. "मी साधा सरकारी कारकून आहे."

'सरकारी' हा शब्द ऐकताच ते सगळे एकमेकांकडे पाहू लागले. पुढचे बोलणे कोणी ऐकलेच नाही. पाटील तळेगावला गेले होते. ते येईपर्यंत बाभळीखाली बसा, असे आम्हाला सांगण्यात आले. कोणी अंगावर आले नाही. पाणी मात्र कोणी विचारले नाही.

त्या बाईचे नाव पारूबाई. ती जवळच उभी राहिली. मी विचारले नसतानाही बोलू लागली.

"माझं म्हायेर पिंपरीकडलं. तितंबी आसंच दोघं आलं हुतं, दुर्बीण घिऊन. आईनं त्यास्नी पिठलं-भाकर घातली. बानं बांधाबांधानं फिरवून सम्दं रान दावलं. मग खुंट्या ठोकल्या. आता तितं कारखान्याची भिंत हाय. बा अजून सकाळी उठून त्या भिंतीपतोर जातो, न् माघारी येतो."

यजमान पुन्हा पुन्हा सूर्याकडे पाहत होते. ऊन तापले, धुणी नदीवर आली, की पक्षी उठणार हे त्यांना ठाऊक होते, आणि मलाही. वाद घालून काही व्हायचे नव्हते. मी उठले, ह्यांच्या गळ्यातून दुर्बीण काढली आणि पारूबाईपुढे धरली.

"ही तुमच्याजवळ ठेवा. तुम्ही पुढे चला. पक्षी असला तर आधी तुम्हीच बघा. नसला तर आम्ही तिथूनच माघारी जातो."

तिने नवऱ्याकडे पाहिले. "चल," तो म्हणाला. पुढे पारूबाई, मध्ये आम्ही, मागे सखाराम, असे आम्ही नदीवर पोचलो.

डोहाच्या पलीकडच्या उथळ पाण्यात एका खडकाशी एक काळी आकृती उभी होती. नुसत्या डोळ्यांना एवढेच दिसत होते. हे हळूच खाली बसले. चाक कसे फिरवायचे ते त्यांनी पारूबाईला दाखवले. तिने दुर्बीण डोळ्यांना लावली, थोडी चाचपडली आणि मग स्थिर झाली.

"चोच लाल हाय," ती सावकाश म्हणाली. "पायबी लाल. आंग काळं, पर निस्तं काळं न्हाई. हिरवं मारतंय, मोरावानी."

"आणि मान?" ह्यांनी घाईने विचारले. "मान पांढरी आहे का?" पांढऱ्या मानेचा करकोचा आमच्या नेहमीच्या ओळखीचा.

"न्हाई. काळीच हाय. पोट तेवढं पांढरं."

ह्यांनी हात पुढे केला. पण पारूबाईने दुर्बीण दिली नाही. ती मागे वळली. आता ती आपल्या रानाकडे पाहत होती. विहीर, रिकामी मोट, कांद्याचे वाफे, बांधावरची शेळी. बराच वेळ ती तशीच उभी राहिली.

"किती जवळ दिसतंय," ती म्हणाली. "त्यांनीबी आसंच बघितलं आसंल."

आम्हा दोघांनाही दुर्बीण मागवली नाही. तेवढ्यात पक्ष्याने दोन पावले टाकली, पंख उघडले आणि तो उठला. डोक्यावरून जाताना पांढरे पोट आणि मागे ताणलेले लाल पाय दिसले. मग तो आळंदीच्या दिशेने गेला.

सखाराम हसला. "मंजी खरंच पक्षीच बघाय आला हुता."

त्यानंतर मळ्यात आम्हाला पाणी मिळाले, भाकरी आणि कोरड्यास (भाकरीबरोबरचे कालवण) मिळाले. निघताना पारूबाई दुर्बीण परत देत म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या. खरं सांगा, हितंबी येतील का ते?"

नाही म्हणणे सोपे होते. "मला ठाऊक नाही," मी म्हणाले.

तिने मान हलवली. "न्हाई म्हनाला आसता, तर मला पटलं नसतं."

परतीच्या गाडीत हे म्हणाले, "पुढल्या रविवारी पहाटेच येऊ. तो इतक्यात जाणार नाही."

"आणि पुन्हा लोकांनी मोट सोडून आपल्यामागे यायचं?"

"आता ओळखतात की आपल्याला."

"पारूबाई ओळखते. नदीपलीकडची माणसं कुठं ओळखतात?"

पुढच्या रविवारी आम्ही पुण्यातच संगमावर गेलो आणि नेहमीची बदके पाहून आलो. काळा करकोचा पुन्हा कधी दिसला नाही.

पाहिला का, असे कोणी विचारले की हे 'पाहिला' म्हणतात. मी म्हणते, उडताना पाहिला. नीट पाहिला तो पारूबाईने. असा पक्षी समोर असताना तिने नजर आपल्या रानाकडे वळवली, याचे मला त्या वेळी नवल वाटले होते. आता वाटत नाही.