दोन वाट्यांतलं वाटण

माझं मिक्सरशी भांडण नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्या ओट्यावर आज मिक्सर आहे आणि तो रोज चालतो. पण धुळ्याच्या एका दुकानासाठी मी काही महिने मिक्सर विकत होते, आणि आम्ही ते कसे विकले, हे कधीतरी सांगायचं राहिलं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझं बी.ए. झालं होतं आणि घरात पाहुण्यांची वर्दळ सुरू झाली होती. दर रविवारी कांदेपोहे करून मी वैतागले होते. नोकरी लागली आणि ती वर्दळ थांबली, म्हणून ती नोकरी मला फार प्रिय होती. दुकानाच्या शेठना गावोगावी मिक्सर चालवून दाखवणारी मुलगी हवी होती. शहरातल्या बायकांशी पुस्तकी मराठीत आणि खेड्यातल्या बायकांशी अहिराणीत बोलणारी. मला दोन्ही येत होतं. आई म्हणाली, हिला आता बोलण्याचेच पैसे मिळणार, मग आपल्याला काय कमी!

पहिलंच प्रात्यक्षिक जळगावच्या एका महिला मंडळात झालं आणि माझी पुरती फजिती झाली. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण घातलं आणि मिक्सर फिरवत बसले. भांडं तापलं, खोबऱ्याला तेल सुटलं, कांदा कडवट झाला. एका बाईने बोटभर चाटून पाहिलं आणि ती तडक चूळ भरायला गेली. त्या दिवशी एकही मिक्सर खपला नाही.

परतताना टेम्पोत शेठ म्हणाले, "आता दोन वाट्या ठेवायच्या. बायकांना विचारायचं, यातलं मिक्सरचं वाटण कोणतं?"

"लगेच ओळखतील, शेठ."

"कशा ओळखतील? दोन्ही पाट्यावरचीच असतील."

मी म्हटलं, हे तर खोटं झालं. शेठ शांतपणे म्हणाले, "खोटं कुठं बोलतो ताई आपण? आपण फक्त विचारतो."

तेव्हापासून मी सकाळी पाचला उठून पाट्यावर दोन वाट्या वाटण वाटायला लागले. गावात गेल्यावर लोकांसमोर मिक्सर खरोखरच चालवायचा, भांडं टेबलाच्या कापडामागे खाली ठेवायचं, आणि वर आणायच्या त्या घरून आणलेल्या वाट्या. पाट्यापेक्षा मिक्सर बरा, हे पटवण्यासाठी मी रोज पाट्यावर घाम गाळत होते. याचं मला तेव्हा हसू यायचं. लाज वाटायला अजून अवकाश होता.

युक्ती मात्र बिनचूक होती. कोणी म्हणायची, ही मिक्सरची. दुसरी म्हणायची, छे, ती. दोघींत वाद लागायचा आणि मी नुसती हसायचे. वाद काही मिटायचा नाही. शेवटी दोघी ओशाळायच्या आणि मागे उभा असलेला नवरा किंमत विचारायचा. आपल्याच जिभेवरचा भरवसा उडाला की माणूस समोरचा सांगेल ते ऐकतो. शेठना हे पक्कं ठाऊक होतं, आणि हळूहळू मलाही कळलं. शिरपूरला तर मी ते इतकं सफाईने केलं की शेठनी मला पेढे दिले. मी ते खाल्ले.

मग सोनगीरचा बाजार आला. आम्ही पिठाच्या गिरणीतून वीज घेतली आणि गिरणीच्या ओट्यावर टेबल मांडलं. गर्दीत पुढेच एक नाना उभे होते. हायवेवर त्यांची खानावळ होती आणि तिथली शेवभाजी खायला ट्रकवाले मुद्दाम थांबायचे. त्यांच्यासोबत पिशवी धरून एक अक्का होती. पन्नाशी उलटलेली, उन्हाने रापलेली. खानावळीचं सगळं वाटण कित्येक वर्षं तीच वाटत होती, आणि तिच्या कमाईवर घरची चार माणसं जेवत होती. हे मला माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईने न विचारताच सांगितलं.

नानांनी दोन्ही वाट्या चाखल्या. मान हलवली. "काहीच फरक नही," ते म्हणाले आणि अक्काकडे वळले. "अक्का, आते तुले आराम. एक तारीखपासून येऊ नको."

इतक्या लोकांत, भाजीचा भाव सांगावा तसं ते बोलले. अक्काने पिशवी खाली ठेवली. "माले चाखू दे," ती म्हणाली.

तिने एका वाटीतलं चाखलं. पदराला बोट पुसलं. दुसऱ्या वाटीतलं चाखलं. आणि म्हणाली, "दोन्ही पाटावरलं शे. मिक्सरनं यामा काहीच नही. दोन्ही एकच बाईनी वाटेल शे." म्हणजे दोन्ही वाटणं पाट्यावरची, आणि तीही एकाच बाईने वाटलेली.

सगळे खो खो हसले. शेठनी संधी सोडली नाही. "बघा! जन्मभर वाटणाऱ्या अक्कालाही ओळखता येईना!" लोक आणखी हसले. नाना म्हणाले, "देई टाका एक."

अक्का भांडली नाही. तिने पुन्हा वाटीत बोट घातलं आणि पुन्हा चाखलं. या वेळी तिच्या कपाळावर आठी होती. ती स्वतःलाच तपासत होती. तिचं ते दुसऱ्यांदा चाखणं मला बघवेना. तिची रोजीरोटी तर मी घेतच होते, वर तिची खरी जीभही तिच्याकडून काढून घेत होते.

 मला राग आला होता, शेठचा थोडा आणि स्वतःचा फार. मी कापड बाजूला केलं, खालचं भांडं काढून टेबलावर आपटलं आणि म्हटलं, "अक्का खरं सांगस. दोन्ही वाट्या मीच वाटेल शेतस, पाटावर. मिक्सरनं हाई शे."

शेठ कानाशी येऊन म्हणाले, "ताई, विचार करा." मी म्हटलं, "झाला करून."

नानांनी भांड्यातलं चाखलं. मला वाटलं, आता ते थुंकतील आणि प्रश्न मिटेल. कसलं काय! ते खांदे उडवून म्हणाले, "माले तं हाई बी सारखंच लागस."

म्हणजे खरं बोलूनही अक्काचं काम जाणारच होतं. आता गप्प बसणं मला शक्य नव्हतं. इतके महिने जे तोंड चालवलं होतं, तेच चालवलं. "नाना, तुमले समजत नही, अक्काले समजस. मंग ट्रकवाला कोना जिभवर थांबतस, तुमना का तिना?"

लोक पुन्हा हसले, या वेळी नानांना. नानांनी गर्दीकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं आणि कान खाजवत म्हणाले, "बरं, बरं. अक्का, सकायले येजो."

"सकायले कसाले?" अक्का म्हणाली. "आजनं वाटण बाकी शे."

शेठ वायर गुंडाळत होते. उद्यापासून यायची गरज नाही, असं त्यांनी मला अगदी सभ्यपणे सांगितलं. रविवारचे पाहुणे डोळ्यांसमोर आले, पण मी शब्द मागे घेतला नाही. उलट सांगितलं, की शिरपूरला जाऊन हेच सांगणार आहे. आणि पुढच्या बाजाराला एसटीने गेले, सांगितलंही.

अक्काने पिशवी उचलली. जाता जाता माझ्यापाशी थांबली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. "हात बरा शे तुना," ती म्हणाली. "पन दुसरी वाटीले घाई करेल शे तू."

खरं होतं. दुसरी वाटी होत आली तेव्हा गल्लीत शेठच्या टेम्पोचा हॉर्न वाजला होता, आणि मी वरवंटा तसाच टाकून उठले होते.