उतारावरचे गोटे

आमच्या घरात जवारीपेक्षा गोटे जास्त होते. मी गंमत करत नाही. कोठीखाली गोटे, देवाच्या फळीवर गोटे, लेकरांच्या कपड्यांच्या ट्रंकेत गोटे. सारे गारगोटीचे तुकडे. पांढरे, पिवळट, काही काळसर लाल. दर आठवड्याला मी ते उचलायचे, खालची धूळ झाडायचे आणि होते तसे परत मांडायचे, कारण एक जरी इकडचा तिकडं झाला की यांच्या कपाळाला आठी. आता कंबर धरली की मी सगळा दोष त्या गोट्यांना देते. सून हसते. हसो बापडी.

हे नांदुऱ्याच्या शाळेत मास्तर होते. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं, मोठे साहेब नागपूरला बसायचे, आणि विद्या म्हणून जी काही होती तीही तिकडंच असते असा यांचा समज. यांनी कुठंतरी वाचलं की लोखंड नव्हतं तेव्हा माणसं गारगोटी फोडून तिची हत्यारं करत आणि ती नदीकाठी सापडतात. झालं! गावाबाहेर नदीचा उतार होता, बैलांच्या बंड्या जिथून पाण्यातून पलीकडे जायच्या ती जागा. तिथं यांना पहिल्याच दिवशी धारदार कडेचा एक तुकडा मिळाला. त्या दिवसापासून तो आदिमानव आमच्याकडं मुक्कामाला आला, आणि उठायचं काही नाव घेईना.

"पाहा," हे म्हणायचे, "ही धार आपोआप होत नाही. याले कोण्यातरी माणसाचा हात लागला आहे."

एवढंच यांना सिद्ध करायचं होतं, की हे गोटे निसर्गाचे नाहीत, माणसानं घडवलेत. ते एकदा ठरलं की पाढे घोकून घेण्यापलीकडं आपणही जन्मात काही केलं, असं त्यांना वाटणार होतं. दुसरं काही मागणं नव्हतं बिचाऱ्यांचं.

दर ऐतवारी हे नदीवर निघायचे. पहिल्यांदा धोतराच्या सोग्यात गोटे बांधून आणले, तर दोन धोतरं फाटली. मग टोपलं घेतलं. तेव्हा सासूबाई आडव्या आल्या. "मास्तर मानूस डोक्यावर टोपलं घेऊन गावातून जाते काय? लोकं थुंकतील तोंडावर. हिले ने." आणि मला म्हणाल्या, "जाय व, उचल टोपलं."

अशी मी निघाले. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि त्या तीन वर्षांत मी नवऱ्यासोबत रस्त्यानं कधी चालले नव्हते. तशी रीतच नव्हती. बाई देवळात जाईल तर बायांसोबत, माहेरी जाईल तर भावासोबत. घरात हे ओसरीवर, मी चुलीपाशी, मध्ये सासूबाई. "पाणी दे" आणि "जेवण झालं काय" याच्यापुढं आमचं बोलणं जात नव्हतं. गावातून मी दहा पावलं मागं चालले, खाली मान घालून. शेवटचं घर गेलं आणि हे थांबले. मी जवळ जाईपर्यंत थांबले. मग आम्ही बरोबरीनं चाललो, आणि हे बोलायला लागले ते नदी येईपर्यंत बोलतच राहिले. अव माय! हा माणूस इतकं बोलतो हे मला त्या दिवशी कळलं. गोट्यांबद्दल बोलले, शाळेतल्या पोरांबद्दल बोलले, मेलेल्या बापाबद्दल बोलले. मला विचारलंही, "तुह्या माहेरी काय काय पिकते?" तीन वर्षांत पहिल्यांदा.

माझं माहेर वडनेर भोलजीजवळचं, शेतकऱ्याचं. बंडीवर बसूनच मी मोठी झाले. हे रेल्वेच्या गावात वाढलेले. बंडी म्हणजे सामान टाकायची वस्तू, एवढंच यांना ठाऊक. म्हणून जे मला दुसऱ्याच खेपेला दिसलं ते यांना दिसलं नाही. कपाशीच्या बंड्या सरकी काढायच्या जिनाकडं चालल्या होत्या, एकामागं एक, भरगच्च. चाकाची लोखंडी धाव एका गारगोटीवर चढली. कट्! तुकडा उडून माझ्या पायाशी आला. मी उचलून पाहिला: तीच धार, तसेच दातरे. मला हसू आवरेना.

"घ्या," मी म्हटलं, "तुमचा आदिमानव आत्ताच गेला. बैल जुंपून."

हे हसले नाहीत. तुकडा हातात घेतला आणि पाण्यात टाकून दिला. "तुले काय समजते यातलं?" म्हणाले. परत येताना शेवटचं घर यायच्या आधीच दहा पावलं पुढं निघून गेले. पुढच्या ऐतवारी शाळेच्या चपराशाला घेऊन गेले. त्याच्या पुढच्याही.

मी घरात भाकरी थापत होते आणि मनात जळत होते. गोट्यांसाठी नाही, गोटे गेले खड्ड्यात. मला ती वाट पाहिजे होती, आणि त्या वाटेवरचा तो बोलणारा माणूस पाहिजे होता. तिसऱ्या ऐतवारी सकाळी मी अंगण सारवता सारवता म्हटलं, "मी चुकली. मले काय समजते त्यातलं. तो गोटा वेगळा होता."

हे खुलले. "तेच तं मी म्हणतो!" म्हणाले, आणि चपराशाला निरोप गेला की येऊ नको.

तिथून नऊ वर्षं. नऊ वर्षं मी टोपलं वाहिलं आणि तोंड मिटून ठेवलं. जात्याला टाकी लावताना मी लहानपणापासून बघत आले होते. टाकी मारणाऱ्या बाईचे घाव कसे ओळीनं, एकापाशी एक पडतात. माणसाचा हात असाच चालतो, त्याला कुठं जायचं ते माहीत असतं. या गोट्यांवरचे घाव कुठंही पडलेले, वर एक, खाली एक, आणि फुटलेली बाजू काचेसारखी नवी. हजारो वर्षांपूर्वीचं फुटलेलं असं चमकतं काय? मला सगळं समजत होतं. तरी मीच वाकून वेचायची आणि म्हणायची, "हा पाहा, याले चांगली धार आहे." लबाड बाई मी.

मध्येच यांना संग्रामपूरच्या शाळेवर हेडमास्तरकी मिळत होती. ही गोष्टही नदीच्या वाटेवरच निघाली. "जाऊ काय?" यांनी मला विचारलं. खरंच विचारलं, माझ्या तोंडाकडं बघून. तिथं शाळेला लागूनच मास्तरचं घर, आणि सासूबाई सोबत येणारच, म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर चोवीस तास. ना नदीची वाट ना काही. मी म्हटलं, "तुमचे गोटे तं इथंच हायेत ना." यांनी दोन दिवसांनी नकार कळवला. त्यांना वाटलं, बायको आपल्या कामाला किती मानते.

शेवटी यांच्या पत्रांना दाद देऊन नागपूरहून एक जाणकार आले. वयस्क, सभ्य माणूस. आम्ही ओसरीवर सतरंजी टाकून सारे गोटे मांडले, सकाळपासून मांडतच होतो. ते एकेक उचलायचे, उजेडाकडं फिरवायचे, बोटानं कड चाचपायचे आणि डाव्या हाताला ठेवायचे. डावीकडं ढीग वाढत गेला. उजवीकडं काहीच नाही. मी दाराआडून बघत होते.

"मास्तर," ते म्हणाले, "माणूस ठरवून फोडतो. एका कडेला धरून घाव घालतो, घावाला घाव लागून असतो. इथं तसं नाही. आणि फूट ताजी आहे. हे कुठं मिळालं? तिथून गाड्या जातात का?"

यांनी डावीकडचा ढीग पाहिला. मग म्हणाले, "जातात."

"लोखंडी धावेखाली फुटलेत. वाईट वाटून घेऊ नका, चांगले चांगले फसतात." पाहुणे झुणका-भाकर जेवले, आम्ही दोघांनी आग्रह केला, आणि दुपारच्या गाडीनं गेले.

यांनी ते गोटे गड्याकडून दारापुढच्या चिखलात भरून घेतले. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. आठवडाभर शाळेतून यायचे आणि खांबाला टेकून बसायचे.

ऐतवार आला. मी न्हाऊन, चांगलं लुगडं नेसून ओसरीवर आले. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी म्हटलं, "चाला ना नदीवर."

"आता कायले?"

"असंच. चालून येऊ."

यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी भर बाजारात पदर टाकला. "असंच? मास्तर बायकोले घेऊन असंच फिरते म्हणतील लोकं. येड लागलं काय तुले?"

मग माझ्यानं राहवलं नाही. नऊ वर्षांचं एकदम तोंडाशी आलं. "मले पहिल्यापासून माहीत होतं," मी म्हटलं. "चाकाखाली फुटतात ते. तुमी रागावले, मले न्यायचं बंद केलं, म्हणून मी चूप झाली. मले तुमच्यासोबत जायचं होतं. गोटे नसते तं तुमी मले कायले नेलं असतं?"

हे ऐकत राहिले. मला वाटलं होतं, हात उगारतील. किंवा, देव जाणे कशी आशा होती, उठतील आणि चपला घालतील. दोन्ही झालं नाही.

"संग्रामपूरचं तरी सांगायचं होतं व," एवढंच म्हणाले. आवाज चढला नाही. "तेव्हा मी तुले इचारलं होतं."

हे उठून आत गेले आणि भिंतीकडं तोंड करून निजले. त्यानंतर सत्तावीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो, पण कोणतीही गोष्ट ठरवताना त्यांनी मला पुन्हा कधी "काय करू?" म्हणून विचारलं नाही.